गाडीतला साक्षीदार



पहाटे साडेचारची वेळ. तलासरीजवळच्या एका पाड्यावर माझ्या भाच्याची ईको गाडी उभी. डहाणू रोडला सकाळची लोकल पकडणारी पाच-सहा माणसे डबे मांडीवर घेऊन आत बसलेली. भाच्याने चावी फिरवली तर नुसते कट-कट. पुन्हा फिरवली, तर तेही बंद. धक्का मारून पाहिला, पण वाट चढाची, गाडी काही चालू झाली नाही. माणसे उतरून नाक्याकडे चालू लागली. त्या दिवसाची पहिली फेरी बुडाली, दुसरी बुडाली, आणि बँकेचा हप्ता तीन दिवसांवर आलेला.

कारण सापडायला वेळ लागला नाही. दोन दिवसांपूर्वीच त्याने पुढच्या काचेवर कॅमेरा बसवून घेतला होता. डॅश कॅमेरा म्हणतात तो. मला मोठ्या हौसेने दाखवला होता, "मामा, बघा तुम्ही, एकही वायर दिसत नाही!" खरेच दिसत नव्हती. पण डॅशबोर्डखालचे झाकण उघडले तेव्हा कळले की बसवणाऱ्याने वायर चोवीस तास चालू असणाऱ्या करंटवर जोडून दिली होती. मध्ये फ्यूज नाही. जॉइंटवर काळ्या टेपचे दोन वेढे, तेही सुटत आलेले. रविवारभर गाडी दारात उभी होती आणि कॅमेरा मात्र आत चालूच होता. बॅटरी आधीच जुनी, ती किती दम धरणार?

बॅटरी उतरली हे एका परीने बरेच झाले म्हणायचे. ती उतरली नसती तर ते झाकण कोणी उघडलेच नसते.

आता कोणी विचारील, हवा कशाला हा कॅमेरा? हप्ते फेडता फेडता नाकी नऊ आलेल्या माणसाने ही चैन का करावी? मीही आधी तेच म्हणत होतो. पण आपल्या दारावरून जाणारा रस्ता पाहा. मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा क्रमांक सरकारने ४८ केला तरी जुन्या चालकांच्या तोंडी तो अजून आठ नंबरच आहे. चारोटी, धुंदलवाडी, दापचरी, तलासरी, अच्छाड या पट्ट्यात रात्रंदिवस ट्रक-कंटेनरची रांग. मधूनच कोणी उलट्या दिशेने मोटारसायकल घेऊन येतो. पावसात पुढची गाडी दिसत नाही. अपघात झाला की दोन मिनिटांत शंभर माणसे जमतात, आणि त्यांतली नव्वद अपघातानंतर आलेली असतात. तरी सगळे एकमुखाने सांगतात की चूक मोठ्या गाडीची. चालक बिचारा हात जोडून बोलत राहतो, त्याचे ऐकतो कोण?

याच रस्त्यावरची एक गोष्ट साऱ्या देशाला ठाऊक आहे. ४ सप्टेंबर २०२२, रविवारची दुपार. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक मर्सिडीज मोटार कठड्यावर आदळली आणि उद्योगपती सायरस मिस्त्री व जहांगीर पंडोल हे मागच्या सीटवर बसलेले दोघे जागीच गेले. दोघांनीही पट्टा बांधला नव्हता. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यातली दुसरी बाब महत्त्वाची. त्या गाडीच्या यंत्रात सगळी नोंद होती. आदळण्याआधी पाच सेकंद ब्रेक मारला, तेव्हा वेग ताशी १०० किलोमीटर होता, आदळताना तो ८९ वर आला होता, असे कंपनीने ती नोंद वाचून पोलिसांना कळवले. म्हणजे श्रीमंताच्या मोटारीत कंपनी स्वतःच एक साक्षीदार बसवून देते. आपल्या ईकोच्या किंवा पिकअपच्या चालकाच्या बाजूने असे बोलणारे कोण आहे? त्याला तो साक्षीदार खिशातले पैसे घालूनच बसवावा लागतो.

आणि हा साक्षीदार चालकाच्याच कामाचा आहे असे नाही. एखादी गाडी माणसाला उडवून पळून गेली आणि तिचा नंबर मिळालाच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे मृताच्या वारसांना २ लाख रुपये आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. तेवढेच. नंबर मिळाला तर मात्र त्या गाडीच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावता येतो. तिथे मरणाऱ्याचे वय, कमाई आणि त्याच्यावर जगणारी माणसे यांचा हिशोब होऊन भरपाई ठरते. तरुण कमावत्या माणसाच्या बाबतीत या दोन रकमांत किती अंतर पडते, ते वेगळे सांगायला नको. मागून येणाऱ्या एखाद्या टेम्पोच्या कॅमेऱ्यात पळणाऱ्या ट्रकचा नंबर आला, तर कुठल्यातरी पाड्यावरच्या विधवेचे आणि तिच्या मुलांचे आयुष्य त्यावर ठरू शकते. त्यामुळे अपघात आपला नसला तरी कॅमेऱ्यात काही आले असेल तर पोलिसांना जाऊन सांगावे. आपली फेरी बुडेल, बुडू द्यावी.

रशियात गेल्या दहा-पंधरा वर्षांत गाडीगाडीत हे कॅमेरे आले, ते अशाच भांडणांपायी. खोटे अपघात करून पैसे उकळणारे तिथेही होते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्क शहरावर आकाशातून उल्का फुटली, तेव्हा साऱ्या जगाने ती पाहिली ती कामावर निघालेल्या साध्या माणसांच्या गाड्यांतल्या कॅमेऱ्यांतून. असो.

आता बसवण्याचे काम. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सिगारेट पेटवायच्या भोकात चार्जर घालून वायर लोंबती सोडणे. एक दिवसासाठी ठीक, पण ती वायर गिअरमध्ये अडकते, प्रवाशाच्या पिशवीला अडकते, आणि मोबाईल चार्ज करायला कोणीतरी प्लग काढतो तो काढतोच. नेमक्या त्या दिवशी कॅमेरा बंद असतो. म्हणून वायर आतून नेऊन फ्यूज बॉक्समध्ये कायमची जोडणे चांगले. मात्र लपवलेली वायर नंतर कोणाच्या नजरेस पडत नाही, तेव्हा ती लपवण्याआधीच शंभर वेळा पाहावी.

कॅमेरा आरशाच्या मागे, काचेच्या वरच्या बाजूला चिकटवावा. चालकाला रस्ता पाहताना आड येता कामा नये आणि वायपर जिथवर काच पुसतो त्या भागातच तो असावा. नाहीतर जून ते सप्टेंबर कॅमेऱ्याला पाण्याच्या ओघळाशिवाय काही दिसायचे नाही. तिथून वायर छताच्या कापडाच्या कडेत बोटाने दाबत दाराकडच्या खांबापर्यंत न्यावी. त्यासाठी प्लॅस्टिकची चपटी पट्टी मिळते. स्क्रूड्रायव्हरने उचकटले की कापड फाटते आणि क्लिपा तुटतात. मग खांबावरून खाली, दाराच्या रबराच्या आतून, डॅशबोर्डच्या खाली. या खांबावर किंवा त्याच्या झाकणावर एअरबॅगची खूण असेल तर फार सांभाळावे. ती पिशवी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फुगते. तिच्या समोरून वायर नेली तर पिशवी नीट उघडणार नाही, किंवा वायर आणि कॅमेरा तोंडावर येईल. अशा गाडीत वायर पिशवीच्या मागून, गाडीच्या मूळ वायरांच्या जुडीबरोबर बांधून न्यायची असते. ज्याला याची माहिती नाही त्याने त्या झाकणाला हात लावू नये, जाणकाराकडे जावे. एअरबॅगच्या वायरीवर किंवा फ्यूजवर जॉइंट तर कधीच मारू नये. ब्रेक, इंजिनाचा संगणक आणि पेट्रोल पंप यांच्या फ्यूजांनाही तोच नियम.

डॅशबोर्डखाली वायर जिथे उतरते तिथे चालकाचे पाय असतात. क्लच, ब्रेक, स्टिअरिंगचा दांडा. तिथे वायर एक वीतभर जरी लोंबती राहिली आणि घाटउतारावर ब्रेकच्या पॅडलमध्ये अडकली, तर पुढचे सांगायलाच नको. जादा वायरीची गुंडाळी करून प्लॅस्टिकच्या पट्टीने पक्क्या जागी बांधावी.

बाजारात यासाठी जोडणीचा तयार संच मिळतो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, मोठ्या ट्रकची २४ ची, आणि कॅमेऱ्याला लागतात फक्त ५. हे उतरवून देणारी छोटी डबी त्या संचात असते. ट्रकवाल्याने संचावर २४ लिहिले आहे की नाही ते वाचूनच घ्यावे. त्यातून बहुधा तीन वायरी निघतात. पिवळी कायम चालू असलेल्या करंटसाठी, लाल चावी फिरवल्यावर येणाऱ्या करंटसाठी आणि काळी अर्थिंगसाठी. प्रत्येक कंपनीचे रंग सारखेच असतील असे नाही, सोबतचा कागद पाहावा.

गाडीची मूळ वायर सोलून जॉइंट मारू नये. त्याने कंपनीची हमी धोक्यात येते आणि पुढे वायरीत बिघाड झाला तर शोधता शोधता वायरमनचेही डोळे पांढरे होतात. त्याऐवजी फ्यूजच्या जागी बसणारी एक दुहेरी खोबण मिळते. तिच्यात जुना फ्यूज जसाच्या तसा राहतो आणि शेजारी आपला नवा फ्यूज बसतो. फ्यूजांचे आकार तीन-चार प्रकारचे असतात, म्हणून आपल्या गाडीचा फ्यूज सोबत घेऊनच दुकानात जावे. वायपर, टेप किंवा चार्जरच्या भोकाचा फ्यूज या कामाला चांगला. टेस्ट लॅम्प लावून पाहावे, चावी बंद केली की दिवा विझला पाहिजे. खोबणीलाही दिशा असते. फ्यूज काढल्यावर उरलेल्या दोन फटींपैकी ज्या फटीत करंट येतो, त्या बाजूने आपल्या नव्या वायरीला करंट मिळाला पाहिजे. उलटी बसवली तर कॅमेरा चालतो, कोणाला कळत नाही, पण त्याचा भार जुन्या फ्यूजवरही पडतो.

नवा फ्यूज २ किंवा ३ अँपिअरचा. याहून मोठा नको. आणि फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची आपल्याकडची जुनी खोड आहे, ती इथे जीव घेईल. गाडी चालू करताना हीच बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. फ्यूज नसलेली बारीक वायर कुठे घासून पत्र्याला टेकली की सगळा करंट तिच्यातून धावतो, वायर निखाऱ्यासारखी लाल होते, आणि तिच्याभोवती असते छताचे कापड, फोम आणि प्लॅस्टिक. आत प्रवासी बसलेले. भाच्याच्या गाडीतले ते टेपचे दोन वेढे आठवले की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

अर्थिंगची काळी वायर गाडीच्या लोखंडी बोल्टाखाली दाबावी. बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकाकता पत्रा उघडा करावा आणि घट्ट केल्यावर वरून थोडे ग्रीस लावावे. झाई-बोर्डीच्या किनाऱ्याला राहणाऱ्यांनी हे विसरूच नये. खाऱ्या हवेने तो जोड वर्षभरात गंजतो, मग कॅमेरा मध्येच बंद, मध्येच चालू. चिकूच्या पेट्या किंवा भाताची पोती वाहणाऱ्या गाडीत उंदीर हमखास येतात. तिथे वायरीवर जाड कापडी टेप गुंडाळावी, आणि सहा महिन्यांतून एकदा झाकण उघडून पाहावे.

आता बॅटरीचा हिशोब. गाडी उभी असताना असा कॅमेरा साधारण पाव ते अर्धा अँपिअर करंट खातो. ०.३ धरला तर रात्रीच्या दहा तासांत ३ अँपिअर-तास, तीन दिवसांत २१ च्या वर. छोट्या गाडीची नवी बॅटरी ३५ च्या आसपास असते. जुनी झालेली तर नावालाच. चांगल्या संचात बॅटरी एका मर्यादेखाली गेली की कॅमेरा आपोआप बंद करण्याची सोय असते. पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. ही मर्यादा ११.८ वर ठेवून मिळते तिथे ती वाढवून १२.२ किंवा १२.४ करावी. पण माझे स्पष्ट मत असे आहे की ज्याची गाडी रात्री घरासमोर उभी असते, त्याने हा खटाटोप करूच नये. लाल आणि पिवळी दोन्ही वायरी चावीच्या करंटवर जोडाव्यात. चावी बंद, कॅमेरा बंद. सकाळी गाडी चालू होते की नाही याची धाकधूक नाही. ट्रक रात्री ढाब्यावर उभा करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला डिझेलचोराची भीती असते.

विकत घेताना आणखी एक पाहावे. ज्या कॅमेऱ्याच्या पोटात लिथियमची बॅटरी असते तो एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत तापून फुगतो. कपॅसिटरवाला घ्यावा. थोडे पैसे जास्त पडतील. आणि सतत लिहिले-पुसले जाणारे साधे मोबाईलचे कार्ड काही महिन्यांत दगा देते. अशा कामासाठीच बनवलेले टिकाऊ कार्ड मिळते, तेच घालावे.

अपघात झाला तर आधी जखमीला दवाखान्यात पोहोचवणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कायद्याने कर्तव्य आहे. त्यानंतर कॅमेऱ्याचे कार्ड काढून जपावे, कारण कार्ड भरले की कॅमेरा जुने पुसून त्यावर नवे लिहीत जातो. पोलिसांनी कार्ड मागितले तर द्यावे, पण पंचनाम्यात त्याची नोंद करून घ्यावी. कोर्टात हे चित्रण चालते का, असे पुष्कळ जण विचारतात. चालते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात त्याची तरतूद आहे. प्रत सादर करायची तर सोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्याने आणि दुसरा जाणकाराने भरायचा असतो.

हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचे, ते आपल्याच महाराष्ट्रातल्या खटल्यात ठरले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. अर्ज वेळेत भरला होता की नाही, यावरून कैलास गोरंट्याल कोर्टात गेले, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतले चित्रण. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत दाखवायची तर प्रमाणपत्र हवेच. मूळ यंत्रच मालकाने कोर्टात आणून साक्ष दिली तर त्याची गरज नाही. तो निकाल जुन्या पुरावा कायद्यावरचा होता. नव्या कायद्यातही प्रमाणपत्राची अट आहेच. तेव्हा मूळ कार्ड हरवू नये, पुसू नये, व्हॉट्सअॅपवर पाठवून मोकळे होऊ नये. व्हॉट्सअॅपवर जाताना चित्रण दाबले जाते आणि नंबरप्लेट वाचता येईनाशी होते. शिवाय रस्त्यावर पडलेल्या कोणाच्या तरी बापाचे चित्र गावभर फिरवणे माणुसकीला धरून नाही.

आणि हा साक्षीदार कोणाच्याच बाजूचा नसतो, हेही समजून घ्यावे. चूक आपली असेल, वेग जास्त असेल, तर तो तेही सांगेल. तेव्हा घाबरून कार्ड मोडले तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येतो. आतल्या बाजूला तोंड असलेला कॅमेरा मालकाने लावला असेल तर चालकाने तो आवाजही टिपतो का ते विचारून घ्यावे, आणि प्रवासी गाडीत तशी पाटी लावावी. गाडीत बायाबापड्या बसतात, घरच्या गोष्टी बोलतात.

भाच्याची वायर आम्ही पुढच्या रविवारी पुन्हा घातली. ओळखीचा वायरमन बोलावला, दुपार गेली. काम झाल्यावर त्याच्या बारावीतल्या मुलीने कार्ड मोबाईलला लावून पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, यावर तारीख १ जानेवारी २०१९ पडतेय." बसवणाऱ्याने घड्याळच लावले नव्हते. अच्छाडच्या पुढे भिलाडकडे काही घडले तर ठाणे गुजरातचे, अलीकडे घडले तर आपले. तिथे वेळ आणि जागाच चुकीची दिसली तर एवढ्या खटपटीचा उपयोग काय? तिने तारीख, वेळ सगळे नीट लावले आणि एका वहीत लिहून ठेवले. आता दर महिन्याला बाप हप्ता भरून आला की ती गाडीत बसून कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाईलशी ताडून पाहते. गेल्या महिन्यात ते चार मिनिटे मागे होते.